गाईला गोडेतेल दिलं तर फॅट वाढतं का?

(ताज्या एपिसोडचं हे लिखित रूप. ज्यांना गाडीवर, गोठ्यात किंवा रेंज नसलेल्या रानात ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना आलेली भाषा बऱ्यापैकी तशीच ठेवली आहे.)

गेल्या काही दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे आला. "दादा, फॅट ३.२ च्या वर बसंना. खुराकात गोडेतेल चालू करू का?" कुणी रील बघितलंय, कुणाला पेंडीच्या दुकानात सांगितलंय, कुणाच्या आजोबांनी बैलाला तेल पाजलेलं आठवतंय. एकाने तर थेट विचारलं, "रोज अर्धा लिटर दिलं तर दहा दिवसांत किती पॉइंट वाढतील?"

मी पशुवैद्य नाही, हे आधीच सांगतो. बीटेक केलंय आणि पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण घर करमाळ्याचं, घरून काम करतो तेव्हा सकाळची धार काढूनच लॅपटॉप उघडतो. आमच्या गोठ्यात पाच संकरित गाई आहेत आणि डेअरीची स्लिप घरात पेपरासारखी वाचली जाते. त्यामुळे हा विषय मी नीट वाचून, डॉक्टरांना विचारून समजून घेतलाय.

थोडक्यात उत्तर असं: नुसतं तेल ओतून दुधातलं फॅट वाढेल याची खात्री नाही, आणि जास्त ओतलं तर फॅट उलट घसरतं. तेलाचा उपयोग आहे, पण ठरावीक गाईला, ठरावीक दिवसांत आणि शक्यतो वेगळ्या रूपात. असं का, ते आता बघू.

तेल आधी कुणाला भेटतं?

आपल्याला वाटतं, गाईने तेल खाल्लं की ते रक्तात जाणार, रक्तातून कासेत आणि कासेतून बादलीत. माणसासारखं एकच पोट असतं तर गोष्ट थोडीफार तशी झाली असती. पण गाईच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे कोटीपोट, इंग्रजीत ज्याला रुमेन म्हणतात. मोठ्या गाईचं कोटीपोट १०० लिटरच्या आसपास भरतं. आपल्याकडच्या पाण्याच्या ड्रमाची निम्मी टाकीच म्हणा. त्यात अब्जावधी जिवाणू, प्रोटोझोआ आणि बुरशी असतात. कडबा, वाढे, मुरघास हे गाय स्वतः पचवत नाही. ते पचवतात हे सूक्ष्मजीव. गाय त्यांना जागा, पाणी, ऊब देते आणि त्यांनी तयार केलेल्या मालावर जगते.

म्हणजे गव्हाणीत टाकलेलं तेल गाईला नंतर, आणि या कामगारांना आधी भेटतं. तिथे तीन गोष्टी होतात.

एक, तेलाचा थर चाऱ्याच्या तंतूवर बसतो. जिवाणूंना त्या तंतूला चिकटता येत नाही. तेलकट भांड्यावर पाणी जसं घसरतं, तसं काहीसं.

दोन, खाद्यतेलातली असंतृप्त स्निग्धाम्लं चारा पचवणाऱ्या जिवाणूंना विषासारखी लागतात. त्यांची संख्या घटते.

तीन, उरलेले जिवाणू स्वतःला वाचवायला त्या तेलाला हायड्रोजन जोडून त्याचं संतृप्त चरबीत रूपांतर करतात. कारखान्यात तेलापासून वनस्पती तूप करतात ना, तीच प्रक्रिया, फक्त पोटात. पण तेल एकदम जास्त आलं किंवा पोट आंबट झालेलं असलं की ही प्रक्रिया अर्धवट राहते, वाट चुकते, आणि मधलाच एक पदार्थ तयार होतो. त्याचं लांबलचक नाव ट्रान्स-१०, सिस-१२ सीएलए. नाव विसरलात तरी चालेल, काम लक्षात ठेवा. हा पदार्थ रक्तातून कासेत जातो आणि तिथे फॅट बनवण्याचं काम मंदावतो.

किती मंदावतो? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. त्यांनी हा पदार्थ कोटीपोट टाळून थेट पुढच्या कप्प्यात सोडला, दिवसाला फक्त १० ग्रॅम. चार दिवसांत दुधातलं फॅट ४० टक्क्यांहून जास्त घसरलं. दहा ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखरेएवढं वजन. म्हणून "जितकं तेल जास्त, तितकं फॅट जास्त" हे गणित इथे चालत नाही.

मग दुधातलं फॅट येतं कुठून?

दुधातलं साधारण निम्मं फॅट कासेतच नव्याने तयार होतं. त्याचा कच्चा माल म्हणजे ॲसिटेट, आणि थोडं ब्युटिरेट. हे ॲसिटेट मुख्यतः कोटीपोटात तंतुमय चारा पचताना तयार होतं. उरलेलं साधारण निम्मं रक्तातल्या चरबीतून येतं, म्हणजे खाद्यातून आलेली किंवा गाईच्या अंगावरची चरबी.

आता दोन्ही जोडून बघा. तेल ओतल्यामुळे रक्तातून येणारा भाग थोडा वाढेलही. पण त्याच तेलाने चारा पचवणारे जिवाणू मारले, तर ॲसिटेट घटणार. एका नळाला पाणी वाढवलं आणि दुसऱ्या नळाचा कॉक आवळला, असं होतं.

म्हणूनच जुनी माणसं "गाईला कडबा पाहिजे" म्हणतात त्यात दम आहे. कडबा चावायला वेळ लागतो, रवंथ होते, लाळ सुटते. मोठी गाय दिवसाला १०० लिटरहून जास्त लाळ गाळते, आणि त्या लाळेत सोडा असतो. तो कोटीपोटाचा आंबटपणा आटोक्यात ठेवतो. कुट्टी अगदी पिठासारखी बारीक केली, किंवा चारा कमी आणि भरडा जास्त केला, की रवंथ कमी, लाळ कमी, पोट आंबट, फॅट खाली. अशा गाईला वरून तेल म्हणजे आगीत तेलच.

करडईचं तेल आणि आपला जिल्हा

सोलापूर जिल्हा म्हणजे ज्वारी आणि करडईचा पट्टा. त्यामुळे आपल्याकडे घरचं तेल म्हटलं की करडईचं आठवतं, आणि घाण्याचं असेल तर "शुद्ध आहे, गाईला चांगलंच" असा विश्वास असतो. माणसासाठी चांगलं आहे, वाद नाही. पण आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास लिनोलिक आम्ल असतं. आणि वाट चुकून तो त्रासदायक पदार्थ तयार होतो तो लिनोलिक आम्लापासूनच. सूर्यफूल, सोयाबीन, सरकीच्या तेलातही ते भरपूर असतं. म्हणजे आपल्या हाताशी सहज असलेली तेलंच कोटीपोटाला जास्त जड जातात.

हेच तेल बियांमध्ये असताना गोष्ट थोडी वेगळी असते. अख्ख्या सरकीत १८-२० टक्के तेल असतं, पण ते टरफलाच्या आत असतं. गाय रवंथ करत जाते तसं हळूहळू सुटतं, आणि सोबत तंतूही मिळतो. म्हणून अख्खी सरकी किंवा सरकी पेंड खाणारी गाय ते तेल सोसते. तीच गाय बाटलीभर मोकळं तेल सोसत नाही. तेलाचं प्रमाण मोजताना मात्र पेंडीतलं तेलही धरायचं. घाण्याच्या सरकी पेंडीत ६-७ टक्के तेल असतं. तीन किलो पेंड म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास तेल गाईला आधीच जातंय.

आता पैशांचा हिशोब

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण शेवटी प्रश्न स्लिपचा आहे. आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली गेलं की पॉइंटमागे कपात. आकडे डेअरीप्रमाणे बदलतात, म्हणून तुमच्या स्लिपवरचे आकडे टाकून हाच हिशोब करा. मी उदाहरणापुरते धरतो.

धरा गाय १२ लिटर दूध देते. फॅट ३.२, म्हणजे तीन पॉइंट कमी. पॉइंटला ३० पैसे कपात धरली तर लिटरमागे ९० पैसे. दिवसाला १० रुपये ८० पैसे गेले.

आता तेल. लिटरला १४० रुपये धरा, आणि रोज पाव लिटर द्या. दिवसाला ३५ रुपये.

म्हणजे तेलाने जादू केली, तिन्ही पॉइंट भरून निघाले, तरी दिवसाला २४ रुपये खिशातून गेले. महिन्याला सातशेच्या वर, एका गाईमागे. आणि जादू झाली नाही तर ३५ च्या ३५ गेले, वर फॅट आणखी पडलं तर ते वेगळं. घरातल्यांना "पाजून बघू, काय जातंय" असं वाटतं, तेव्हा काय जातंय ते हे. आमच्याकडे आण्णांना हे मी कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी दोनदा बेरीज तपासली आणि म्हणाले, "म्हंजी गाईपरीस दुकानदाराचं दूध वाढतंय." आईने तेलाचा डबा परत फडताळात ठेवला.

ऊर्जेच्या बाजूनेही बघा. तेलात पिष्टमय पदार्थांच्या सव्वादोन पट ऊर्जा असते. म्हणजे एक किलो तेलाची ऊर्जा अडीच किलोच्या आसपास मक्यातून मिळते. मका २५ रुपये किलो धरला तर साठ-पासष्ट रुपये. तेल १४० च्या पुढे. नुसती ऊर्जाच हवी असेल तर दुकानातलं गोडेतेल हा महागडा रस्ता आहे.

मग स्निग्ध पदार्थ कुणाला द्यायचे?

इथे एक खरी अडचण आहे. चांगल्या दुधाची गाय व्याली की दूध झपाट्याने चढतं आणि पाच ते आठ आठवड्यांत शिखरावर जातं. पण तिची भूक पूर्ण उघडायला दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या काळात ती खाते त्यापेक्षा जास्त देते. तूट भरून काढायला स्वतःच्या अंगावरची चरबी वितळवते. बरगड्या दिसायला लागतात, माजावर वेळेत येत नाही, कधी किटोसिस होतो. वेत लांबलं की वर्षाचा सगळा हिशोब बिघडतो. हे नुकसान तीन पॉइंटपेक्षा कितीतरी मोठं आहे, पण स्लिपवर छापून येत नाही म्हणून दिसत नाही.

अशा गाईला मका वाढवत गेलो तर पोट आंबट होतं. म्हणून कमी घासात जास्त ऊर्जा देणारी, पण कोटीपोटातल्या कामगारांना न छेडणारी चरबी हवी. तिचं नाव बायपास फॅट.

ती दोन प्रकारे करतात. एका प्रकारात पाम तेलाच्या शुद्धीकरणात निघणारी स्निग्धाम्लं कॅल्शियमशी बांधतात. एका अर्थाने हा साबणच, कॅल्शियमचा. कोटीपोटात तो विरघळत नाही, तसाच पुढे सरकतो. चौथ्या कप्प्यात कडक आम्ल असतं, तिथे तो सुटतो आणि आतड्यात पचतो. दुसऱ्या प्रकारात मुळातच घट्ट, शरीराच्या उष्णतेला न वितळणारी संतृप्त चरबी दाण्यांच्या रूपात असते. माझ्या क्षेत्रातल्या लोकांसाठी सांगतो: पॅकेट बंद करून पाठवलंय, मधल्या सर्व्हरला उघडता येत नाही, शेवटच्या ठिकाणीच उघडतं. पण पोट फार आंबट झालेलं असेल तर कॅल्शियमवालं पॅकेट आधीच फुटतं. म्हणजे तिथेही कडबा लागतोच.

मात्रा साधारण दिवसाला १०० ते १५० ग्रॅम, फार दुधाच्या गाईला २०० पर्यंत. व्यायच्या आठ-दहा दिवस आधी थोडं थोडं सुरू करून व्याल्यावर तीन महिन्यांपर्यंत. सात-आठ लिटरच्या गाईला, भाकड गाईला, आटत आलेल्या गाईला याची गरज नाही. बायपास फॅट १५० रुपये किलो धरलं आणि रोज १५० ग्रॅम दिलं तर साडेबावीस रुपये. ताज्या व्यालेल्या गाईचं दूध लिटरभर वाढलं तरी खर्च निघतो, आणि ती वेळेत माजावर आली तर खरा फायदा तिथे.

एक गंमत सांगतो. हे पाम तेल प्रामुख्याने इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात जवळजवळ महिनाभर बंद केली होती. सुमात्रातल्या झाडाचा आणि जेऊरच्या गोठ्यातल्या गाईचा संबंध असा आहे.

मोकळं तेल द्यायचंच असेल तर

काही जण म्हणतील, बायपास फॅट आमच्याकडे मिळत नाही. ठीक. मग मर्यादा पाळा. गाईच्या एकूण खाद्यातली चरबी कोरड्या वजनाच्या ६ टक्क्यांपुढे जाऊ द्यायची नाही, आणि वरून घातलेलं मोकळं तेल २ टक्क्यांच्या आत. पंधरा किलो कोरडा आहार खाणाऱ्या गाईला हे झाले ३०० ग्रॅम. पण ही वरची मर्यादा आहे, आणि ती भरपूर कडबा खाणाऱ्या गाईसाठी. पेंड जास्त आणि चारा कमी असेल तर १००-१५० मिलिच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. भरड्याला चोळून, सकाळ-संध्याकाळ विभागून, आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत. शेण पातळ झालं, रवंथ कमी झाली, गाय पेंड सोडायला लागली, की बंद.

वाढे, तेल आणि कॅल्शियम

आपल्या तालुक्यात दोन तऱ्हा आहेत. उजनीच्या फुगवट्याकडे ऊस, म्हणून कारखाने चालू झाले की गव्हाणीत वाढेच वाढे. वरच्या कोरडवाहू भागात ज्वारी, म्हणून कडबा. वाढ्यांवर असलेल्या गाईला तेल घालताना जास्त जपायला पाहिजे. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. मोकळ्या तेलातली स्निग्धाम्लंही कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधतात. दोन्हीकडून एकाच डब्यावर डल्ला. म्हणून वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायची, खनिज मिश्रण रोज द्यायचं, आणि वाढ्यांसोबत थोडा का होईना कडबा ठेवायचा.

तेल खरंच औषध ठरतं ते इथे

ओला लसूण घास पोटभर खाल्ला की कधी कधी डावी कूस फुगते. आत फेस झालेला असतो आणि वायू त्यात अडकतो. तेल तो फेस मोडतं. मोठ्या गाईला २५० ते ५०० मिलि गोडेतेल हा उपाय पशुवैद्यकीय पुस्तकांतही आहे. आजोबांचं तेल पाजणं इथे बरोबर होतं.

पण पाजताना जीभ ओढायची नाही, तोंड फार वर करायचं नाही, घाई करायची नाही. तेल श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसाचा न्यूमोनिया होतो आणि पोटफुगीतून वाचलेली गाय त्याने जाते. आडवी पडलेल्या किंवा नीट गिळत नसलेल्या गाईला बाटली लावायचीच नाही. एकीकडे १९६२ ला फोन लावा, हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर आहे.

दोन गोष्टी मुळीच नको

वडापावच्या गाड्यावरचं, हॉटेलातलं जळकं तेल स्वस्त मिळतं म्हणून गोठ्यात आणू नका. वारंवार तापवलेल्या तेलात घातक संयुगं तयार होतात. तळणीच्या तेलात ती २५ टक्क्यांवर गेली की ते माणसाच्या खाण्यासाठी बाद, असा नियम २०१८ पासून आहे. जे आपल्याला नको ते दुधाच्या जनावरालाही नको.

दुसरी गोष्ट, तेल गाईच्या खुराकात एक वेळ ठीक, दुधात कधीच नाही. फॅट दिसावं म्हणून दुधात तेल मिसळणं हा अन्नसुरक्षा कायद्याखाली गुन्हा आहे. तपासणीत ते सापडतं, आणि एकाच्या कॅनमुळे सगळ्या गावाच्या दुधावर डाग लागतो.

फॅट कमी बसतंय? आधी हे बघा

१. कडबा पुरेसा आहे का, कुट्टी फार बारीक तर नाही ना? निवांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हव्यात.

२. शेवटच्या धारा कुठे जातात? फॅट शेवटच्या धारांत सगळ्यात जास्त असतं. वासराला शेवटी सोडत असाल तर तुमचं फॅट वासरू पितंय. त्याला सुरुवातीला पाजा, शेवट बादलीत घ्या. वासराचं पोट मात्र मारू नका.

३. जात कोणती? होल्स्टिनचं फॅट साडेतीनच्या आसपास, जर्सीचं साडेचार-पाच, पंढरपुरी म्हशीचं सातच्या घरात. होल्स्टिनला तेल पाजून पंढरपुरी करता येत नाही.

४. उन्हाळा आहे का? उन्हात गाय चारा टाळते, फॅट पडतं. सावली, पाणी, आणि चारा रात्री-पहाटे.

५. पेंडेचा हप्ता दिवसातून दोन-तीन वेळा विभागलाय का? एकदम ओतला की पोट आंबट.

६. मोबाइल हातात आहेच तर एनडीडीबीचं 'पशु पोषण' ॲप बघा. गाईचं वजन, दूध आणि तुमच्याकडचा चारा सांगितला की आहार जुळवून देतं.

या सहा गोष्टी पंधरा दिवस करा आणि स्लिपा फोटो काढून ठेवा. एका दिवसाच्या फॅटवर काही ठरवू नका, ते रोज हलतं. पंधरा दिवसांची सरासरी काढा. त्यानंतरही फॅट बसत नसेल, तर स्लिपांचे फोटो घेऊन पशुवैद्यांकडे जा. तेलाच्या डब्याचा नंबर त्यानंतर.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गोठ्यातलं फॅट किती बसतंय, चारा काय आहे, हे कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात मुरघास: कधी करायचा आणि पिशवी का फुगते. भेटूया.